खाडी गोठेना

माझी नणंद आर्मोझा हिला मी कधी बसून जेवताना पाहिलं नव्हतं. ताट हातात, ओट्याला टेकलेली, आणि एक डोळा खिडकीबाहेर. स्वतःच्या लग्नातही तिनं तेच केलं. पाहुणे टेबलाशी बसले होते, नवरा टेबलाशी बसला होता आणि नवरी पांढऱ्या झग्यात दाराशी उभी राहून केक खात होती. बोट वेळेवर सुटेल की नाही, याची तिला काळजी. सासूबाई तेव्हा माझ्या कानात म्हणाल्या, "हिच्या वेळेला मला दिवस गेले ना, तेव्हा आम्ही बेटावर होतो. समुद्र एक दिवस शांत नव्हता. त्याचाच हा गुण." मी मनात म्हटलं, समुद्राला कशाला नावं ठेवता, तुम्ही तरी कुठं एका जागी बसता. पण मी नवी सून होते, म्हणून गप्प राहिले. नंतर गप्प राहायची सवय मोडली.

आमच्या किनाऱ्याला रस्ता नाही. देश एवढा मोठा की आमची दुपारची जेवणं होतात तेव्हा पश्चिमेच्या टोकाला लोक पहिली कॉफी पीत असतात, आणि एवढ्या देशात रस्ता मात्र आमच्या अलीकडे येऊन थांबलाय. मी या घरात आले तेव्हा तो पुढच्या वर्षी येणार होता. अजूनही पुढच्याच वर्षी येणार आहे. उन्हाळ्यात आठवड्याची बोट, हिवाळ्यात बर्फ, आणि हवा चांगली असेल तर लहानसं विमान. आमचं गाव सेंत-ओदील, फ्रेंच बोलणाऱ्यांचं. खाडीच्या पलीकडे गल कोव्ह, इंग्रजांचं. म्हणजे इंग्लंडहून आलेले वगैरे नव्हेत हो, आमच्यासारखेच मासे मारणारे, फक्त शिव्या इंग्रजीत देणारे. खाडीच्या मधोमध एक खडक आहे. आम्ही त्याला गाय म्हणतो, ते पाद्री म्हणतात. खडकाला दोन्ही नावं ऐकू येत नाहीत, त्यामुळे भांडण नाही.

आर्मोझा या खाडीवरून पलीकडे नांदायला गेली. तिचा नवरा वेल्डन हा शांत, संथ माणूस. बुटाची नाडी बांधायला घेतली की बाकीच्यांनी चहा टाकावा. अशा माणसाला हिनं का निवडलं, ते मला फार वर्षांनी कळलं. वाऱ्यात होडी बांधायला खांब लागतो. पण तोही खांब तिच्या पायी बराच फिरला. दोघं आधी कॉडच्या कारखान्यात होती. ती मासा चिरायची, तो पेट्या उचलायचा. मग समुद्रातला कॉड संपला, सरकारनं मासेमारी बंद केली आणि आमचा अख्खा किनारा हात चोळत बसला. आर्मोझा बसली नाही. सेत-ईलला हॉटेलात चादरी बदलल्या. फेरमाँला लोखंडाच्या खाणीवर कामगारांचा स्वयंपाक केला. वेल्डनला ओढत आल्बर्टाला, वाळूतून तेल काढतात तिथं नेलं आणि तिथल्या छावणीत दोन हिवाळे काढले. परत आली ती खेकड्यांचा कारखाना सुरू झाला तेव्हा. पोरं मात्र परतली नाहीत. मोठा तिकडे तेलातच राहिला, मुलगी माँट्रियलला. "आपल्याकडे पिकतात तीनच गोष्टी," सासूबाई म्हणायच्या, "खेकडे, पिवळ्या बेरी आणि बाहेर जाणारी पोरं."

पण कुठंही गेली तरी हिवाळ्यात, खाडी गोठली की, आर्मोझा आईकडे यायचीच. दर रविवारी गाडी घेऊन यायची. बर्फावरच्या गाडीला आम्ही नुसतं गाडी म्हणतो, दुसरी गाडी इथं आहे कुणाकडे? यायची, उभ्यानं कॉफी प्यायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या तीन गोष्टींची जागा बदलायची आणि वेल्डनला "चल, उठ" म्हणायची. तो बिचारा जेमतेम टेकलेला असायचा. वेल्डन आणि सासूबाईंचं तर वेगळंच होतं. त्याला फ्रेंच कळायचं, त्यांना इंग्रजी कळायचं, पण इतक्या वर्षांत त्यानं फ्रेंचमध्ये अवाक्षर काढलं नाही आणि त्यांनी इंग्रजीत. तो त्याच्या भाषेत हवामान सांगायचा, या त्यांच्या भाषेत टोमणा मारायच्या, आणि दोघांचं अगदी सुरळीत चालायचं. परका माणूस बघत असता तर त्याला वाटलं असतं, दोन रेडिओ लावून ठेवलेत.

आता खाडीची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे झालं. जानेवारीच्या सुरुवातीला तीन राजांचा सण झाला की आम्ही घरातलं ख्रिसमसचं झाड फेकत नाही. ते किनाऱ्यावर आणून टाकतो. माझा नवरा फिलोरोम, फिलो म्हणतात सगळे, ती झाडं घसरगाडीवर लादतो, गिरमिटानं बर्फाला भोकं पाडून जाडी बघतो आणि जिथं बर्फ पक्का तिथं एकेक झाड रोवत गायीपर्यंत जातो. पलीकडून गल कोव्हची झाडं वेल्डन रोवत आणतो. आपापली अर्धी खाडी. दोन्ही रांगा खडकापाशी भेटल्या की खाडी उघडली. मग कुणी कुणाला फोन करून विचारत नाही. झाड उभं आहे म्हणजे बर्फ पक्का आहे, हा शब्द आहे. आमच्या बापजाद्यांनी दिलेला आणि कुणी कधी न मोडलेला.

दोन्ही बाजूंना एकमेकांची थट्टाही ठरलेली. ते म्हणतात, फ्रेंच लोक गिरमिट कमी आणि प्रार्थना जास्त वापरतात. आम्ही म्हणतो, इंग्रज भोक पाडतो, त्यात डोकावतो, घरी जाऊन चहा पितो, मग झाड रोवतो.

झाडं रोवण्याआधीचे काही आठवडे मात्र कुणाचेच नसतात. होडी जात नाही, गाडी जात नाही. आम्ही त्यांना मधले दिवस म्हणतो. माणसं चिडचिडी होतात. कुत्री उगाच भुंकतात. दुकानात लोक काही न घेता तीनदा येऊन जातात. आणि त्या वर्षी मधले दिवस संपेचनात. जानेवारी उलटत आला तरी पाऊस पडत होता. आमच्या बाजूला नदीचं गोडं पाणी येतं, त्यामुळे आमची अर्धी खाडी कशीबशी धरली आणि फिलोची रांग गायीपर्यंत गेली. गल कोव्हच्या बाजूला प्रवाह आहे, तिथं रात्री साय धरावी तसा बर्फ यायचा आणि दुपारी जायचा. त्यात धुकं असं की विमान येऊन वरच घिरट्या घालून परत जायचं.

आणि त्यातच सासूबाईंचं हृदय थकलं. नव्वदी ओलांडलेल्या होत्या. दवाखान्यातली नर्स येऊन गेली, नळी लावून ऐकलं, मला बाहेर घेऊन म्हणाली, "आता त्यांना आवडेल ते द्या." आम्हाला कळलं. मी आर्मोझाला फोन केला. तो फोन केला नि माझी झोप गेली, कारण त्यानंतर फोन खाली ठेवायची सोयच राहिली नाही.

"नोएला, आई कशी आहे?"

"मघाशी होत्या तशाच."

"जेवली?"

"दोन चमचे सूप."

"मीठ बघून घातलंस ना?"

"नाही, पोतं ओतलं. आर्मोझा, इतकी वर्षं कोण घालतंय त्यांना जेवायला?"

"चिडू नकोस. फिलोला दे. फिलो, तुमच्याकडे बर्फ कसा आहे?"

"आमच्याकडे बरा आहे. तुमच्याकडेच घोडं अडलंय."

"वेल्डन म्हणतो, अजून आठवडा."

पलंगावरून सासूबाई ओरडायच्या, "काय म्हणतो तो?"

"म्हणतो, आठवडा लागेल."

"त्याला सांग, मला आठवडा उधार मिळत नाहीये!"

नातीनं माँट्रियलहून पाठवलेला टॅबलेट होता. त्यावर एकदा मायलेकींना समोरासमोर आणलं. आर्मोझा पडद्यात सुद्धा स्थिर नव्हती, तिच्या स्वयंपाकघराचं छत दिसायचं, मग कोपर दिसायचं. सासूबाईंनी टॅबलेट हातात घेऊन उलटा केला, मागं पाहिलं आणि माझ्याकडे परत दिला. म्हणाल्या, "एवढ्याशा जागेत माझी पोरगी मावत नाही. तिला इकडं बोलाव, नाहीतर मला तिकडं न्या."

झालं. त्या दिवसापासून त्यांनी "मला तिकडं न्या" हेच धरलं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. उशीवर डोकं ठरेना. उठून बसायच्या, पाय खाली सोडायच्या, मी वर घ्यायचे, परत खाली सोडायच्या. माझ्या नाकी नऊ आले. पलीकडे लेक किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होती आणि अलीकडे आई पलंगावर. मधे ती खाडी, ना पाणी ना बर्फ, आणि मी. खरं सांगते, मला दोघींचा राग येत होता. मी रात्र रात्र जागत होते, पाठ चोळत होते, अंथरूण बदलत होते, आणि यांच्या तोंडी नाव कुणाचं? जी उभ्यानं कॉफी पिऊन जाते तिचं.

पलीकडे काय चाललं होतं ते नंतर कळलं. आर्मोझा रोज उजाडल्यावर हातात पहार घेऊन बर्फ टोचत फिरायची. वेल्डन मागून सांगायचा, "तू बघितल्यानं तो लवकर गोठत नाही, आर्मोझा."

"तू न बघितल्यानं तरी गोठतो का?"

"गोठेल तेव्हा गोठेल."

"तुझी आई असती तर?"

वेल्डननं तिच्या हातातली पहार काढून घेतली. मग म्हणाला, "चपटी होडी काढू."

ही जुन्या लोकांची युक्ती. सपाट बुडाची हलकी होडी घ्यायची, दोन माणसांनी दोन बाजूंनी काठ धरून ती बर्फावरून ओढायची. बर्फ फुटला तर काठाला लटकायचं, आत उडी मारायची, वल्ही मारून पुढच्या बर्फाला लागायचं. एकट्यानं जमत नाही, दोन्ही बाजूंना माणूस लागतो. वेल्डननं हे कधी केलं नव्हतं, त्याच्या बापानं केलेलं पाहिलं होतं.

दुपारी दोघं निघाली. पहिल्यांदा फक्त वाट बघायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नीट पलीकडे जायचं, असा बेत. आणि तिथं त्या संथ, शहाण्या माणसानं जन्मात केली नव्हती ती चूक केली. धुकं दाटत होतं, परतीची वाट सापडायला हवी होती, म्हणून त्यानं होडीत ख्रिसमसची झाडं घेतली आणि जाता जाता रोवत गेला. गायीच्या जवळपर्यंत. भोक पाडून जाडी बघितली नाही, कारण ती झाडं गाडीसाठी नव्हतीच, त्या दोघांच्या होडीपुरती होती. पलीकडे जाऊन परत येताना उपटून टाकू, असं त्याच्या मनात. मला फोन करून सांगू या, असंही तो म्हणाला होता. आर्मोझा म्हणाली, "नोएलाला सांगितलं की ती ओरडणार आणि आईला कळलं की आई झोपणार नाही. सकाळी दारातच उभी राहते ना."

दारात उभी राहणार. बसणार नाहीच.

सकाळी फिलो आपली रांग बघायला गायीपर्यंत गेला. धुकं जरा वर उचललं होतं. खडकाच्या पलीकडे बघतो तर गल कोव्हची झाडं! एकामागं एक, थेट खडकाशी आलेली. माझ्या नवऱ्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही तेच केलं असतं, हे मी आता म्हणते. तेव्हा नाही म्हटलं. तो गाडी उधळत गावात आला, धक्क्यावर ओरडला, "भेटली! झाडं भेटली!" आणि अर्धं गाव पेट्रोलचे डबे घेऊन बाहेर पडलं. इतके दिवस कोंडलेली माणसं ती.

मी नेमकी दुकानात होते. सासूबाईंना काकवी घातलेला पाव खावासा वाटत होता आणि घरात काकवी संपली होती. बाटली घेऊन परत आले तर पलंग रिकामा. अंथरूण अजून गरम. भिंतीवरच्या खुंटीला त्यांची लोकरीची टोपी तशीच लटकलेली.

त्यांनी फिलोला काय सांगितलं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "फिलोरोम, खाडी उघडली ना? मग ती येईपर्यंत थांबायचं कशाला? ती यायला निघेल, आपण जायला निघू, मधे भेटू. तेवढाच अर्धा वेळ वाचला."

"नोएलाला येऊ दे."

"ती आली की जाऊ देणार नाही. उचल मला."

आणि त्यानं उचललं. घसरगाडीच्या लाकडी पेटीत गादी घातली, तीन घोंगड्या गुंडाळल्या, आणि निघाला. आईपुढं साठीचा माणूससुद्धा पोरच असतो.

मी धक्क्यावर पळत गेले. आमचा शेजारी नेरे तिथं दुर्बीण घेऊन उभा होता. ती मी हिसकावून घेतली. काय दिसत होतं? पांढरं. नुसतं पांढरं, आणि त्यात जाणारी काळी रेघ, म्हणजे झाडं. गाडी दिसेना. माझ्या हातात अजून काकवीची बाटली होती.

खडकापाशी जे झालं ते तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण गोष्ट एकच. वेल्डन आणि आर्मोझा होडी ओढत खडकाच्या थोड्या अलीकडे, म्हणजे त्यांच्या बाजूला पोचली होती. बर्फ पायाखाली लवत होता. तेवढ्यात इंजिनाचा आवाज. आर्मोझाला वाटलं, फिलो खडकावर घ्यायला आलाय. मग तिनं पाहिलं, गाडी खडकाला वळसा घालून पुढं येतेय, सरळ त्यांच्या झाडांच्या वाटेनं, मागं घसरगाडी. वेल्डननं होडी सोडली. तो माणूस, ज्याला मी कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, वल्हं डोक्यावर गरगर फिरवत बर्फावरून पळत सुटला. फिलोनं इंजिन बंद केलं तेव्हा गाडीच्या पट्ट्याखाली पाणी वर आलं होतं.

"हलू नकोस!" वेल्डन ओरडला. "ही झाडं खरी नाहीत!"

फिलो म्हणाला, त्या वाक्याचा अर्थच आधी मला लागला नाही. झाड खरं नाही म्हणजे काय? असं कधी कुणी बोललंच नव्हतं.

आधी त्यांनी घसरगाडी सोडवली आणि हातानं, पोटावर सरपटत, मागं खडकाकडे ढकलली. मग गाडी. बर्फ कुरकुरत राहिला, फुटला नाही. पेटीतून सासूबाईंचा आवाज, "कशाला थांबलात? आर्मोझा आली का?"

"आले, आई."

"उशीर केलास."

"हो, आई."

वेल्डन पेटीवर वाकून धापा टाकत इंग्रजीत म्हणाला, "थंडी वाजतेय का तुम्हाला?" आणि सासूबाई फ्रेंचमध्ये लेकीला म्हणाल्या, "त्याला सांग, त्याचा बर्फ त्याच्यासारखाच आहे. धरायला वेळ लागतो." वेल्डननं मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं आर्मोझा म्हणते. वेल्डन म्हणतो, वारा होता.

पुढं गल कोव्हला जाणं शक्यच नव्हतं. आणि ती झाडं तशी ठेवणंही शक्य नव्हतं, कारण गावातून गाड्या सुटायच्या बेतात होत्या, आणि पलीकडूनही कुणीतरी झाडं बघून निघालं असतं. एकेक झाड उपटायला हवं होतं, ताबडतोब, आणि त्या बर्फावर होडीशिवाय जाता येत नव्हतं, आणि होडीला दोन माणसं लागतात. आर्मोझा नवऱ्याकडे बघत राहिली. एवढी धडपडी बाई, पण त्या क्षणी तिला कुठं जावं कळेना. तेव्हा फिलोच म्हणाला, "चूक माझीपण आहे. मी जातो वेल्डनबरोबर. तू आईला घरी ने."

मग दोघं होडी ओढत गल कोव्हच्या दिशेनं गेले, झाडं उपटून होडीत टाकत. एकानं इकडून शिव्या द्यायच्या, दुसऱ्यानं तिकडून. आणि आर्मोझा गाडी चालवत आमच्या पक्क्या बर्फावरून आईला घेऊन निघाली.

धुकं सरलं तेव्हा मला दुर्बिणीतून गाडी दिसली. माझा जीव भांड्यात पडला. येत होत्या. मग गाडी थांबली.

गाय आणि गाव यांच्या मधोमध, उघड्या खाडीवर, काही कारण नसताना. मी बघत राहिले. दोन मिनिटं बघितलं, आणखी बघितलं. गाडी हलेना.

"इंजिन गेलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"नेरे, जा!" मी ओरडले. "बघतोस काय? थंडीत म्हातारी आहे तिथं, डोक्याला टोपी नाही तिच्या!"

नेरे गाडी काढून गेला. मी दुर्बिणीतून त्याला लहान लहान होताना पाहिलं. तो त्यांच्याजवळ पोचायच्या आधीच एक हात वर झाला आणि त्याला परत जा अशी खूण झाली. तो जरा थांबला, काहीतरी बोलला, आणि शहाणा माणूस तसाच परत आला! मी त्याला धक्क्यावरच गाठलं.

"काय झालंय? गाडी बिघडली?"

"नाही. म्हणाली, त्या बाजूची झाडं खोटी आहेत, कुणी खडकाच्या पलीकडे जाऊ नका."

"आणि आई?"

"म्हातारी बोलतेय. मला हात केला."

"मग आर्मोझा काय करतेय तिथं?"

नेरेनं टोपी मागं सारली. "बसलीय."

"काय?"

"पेटीत, आईच्या शेजारी. घोंगडीत. बसलीय."

माझा विश्वास बसला नाही. मी परत दुर्बीण लावली. खरंच, गाडीवर कुणी नव्हतं. पेटीत दोन डोकी. एक हलत नव्हतं आणि दुसरंही हलत नव्हतं. मी धक्क्यावर पाय आपटत होते. सारखी दुर्बीण डोळ्याला लावायचे, काढायचे, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. लोक माझ्याकडे बघत होते. मनात एकेक वाक्य तयार करत होते. येऊ दे तिला. तुला सवड मिळाली ती आज, बर्फावर? घरात पलंग आहे, शेगडी आहे, मी आहे. इतकी वर्षं बसायला जागा नव्हती का तुला माझ्या घरात?

शेवटी गाडी सुरू झाली. हळूहळू आली. आर्मोझा अशी हळू गाडी चालवते हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्यावरून मला कळलं. धक्क्यावरच्या माणसांनाही कळलं असावं, कारण त्यांनी टोप्या काढल्या.

सासूबाईंच्या डोक्यावर आर्मोझाची निळी टोपी होती. केस आत नीट सारलेले. डोळे मिटलेले. आर्मोझाचे कान लाल पडले होते.

"नोएला," ती म्हणाली, "गेली."

"कधी?"

"बोलता बोलता."

"मग थांबलीस कशाला?" माझा आवाज चिरकला. "सरळ घरी आणायचं! अंथरूण गरम होतं. मी काकवी आणायला गेले होते, आर्मोझा, त्यांना काकवी हवी होती!"

"आईनं थांबव म्हटलं. मी म्हटलं, घरी पोचू दे, नोएला ओरडेल." ती पेटीच्या काठावर टेकली. "आई म्हणाली, ती ओरडणारच. मी रोज रात्री पाय खाली सोडते आणि ती रोज वर घेते. तिच्यावाचून मला कुणी ओरडत नाही आता, सगळे हळू आवाजात बोलतात. तिला ओरडू दे. तू बस जरा."

मला तिचा हेवा वाटला. सांगायला लाज कशाला. रात्री माझ्या होत्या आणि ती एक घटका तिची झाली. मी सासूबाईंच्या घोंगडीची कड हातात धरली. धक्क्यावर सगळे हळू आवाजात बोलत होते.

आणि मी ओरडले. "टोपी कुठंय तुमची?" मी ओरडले. "खुंटीवर! आणि पायात घरातल्या सपाता! कुणाला विचारून गेलात? मी दहा मिनिटं घराबाहेर गेले नाही तोवर!" फादर आले तरी मी थांबले नाही. आर्मोझा पेटीच्या काठावर बसून राहिली, तिनंही मला थांबवलं नाही.